मदत हवी आहे: पावसाळ्यात किनाऱ्यावर लागणाऱ्या समुद्रपक्ष्यांसाठी काय तयारी ठेवावी?

वेळाकाठ:
नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गातला आमचा किनारा. जून ते ऑगस्ट वाऱ्याने ढकललेले समुद्रपक्षी वाळूवर येऊन बसतात. बहुतेक मास्क्ड बूबी, मधूनच नॉडी किंवा काळसर सुरय. दिसेल अशी जखम नसते, पण उडत नाहीत. मदतीला गाव धावतं, पण कोणी म्हणतं पाण्यात सोडा, कोणी म्हणतं बांगडा भरवा, कोणी म्हणतं चोच बांधा. पशुवैद्य यायला तीन-चार तास लागतात. तोवर काय करायचं, काय टाळायचं आणि सामान कोणतं हाताशी ठेवायचं?

सुरयप्रेमी:
आधी चोचीचं सांगतो, कारण त्यात पक्षी मिनिटांत जातो. बूबी उंचावरून पाण्यात सूर मारतो, त्यामुळे त्याच्या नाकपुड्या बाहेरून बंद असतात. श्वास तो तोंडावाटे घेतो. चोचीला चिकटपट्टी किंवा रबर लावलं की तो गुदमरलाच. पाणकावळ्याचंही तसंच. चोच धरायचीच झाली तर मध्ये बोट ठेवून फट राहू द्या. तिच्या कडा करवतीसारख्या असतात आणि तो थेट डोळ्याकडे झेप घेतो, म्हणून गॉगल आणि जाड हातमोजे हवेतच.

समुद्राच्या बाजूने जा, म्हणजे तो लाटांत घुसणार नाही. मोठा टॉवेल अंगावर टाका, एका हाताने डोक्यामागे जबड्याशी धरा, दुसऱ्याने पंख मिटलेले ठेवून कमरेच्या उंचीवर उचला. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच हवा आत जाते.

नंतर खोकं. वॉशिंग मशीनचं चालेल, आत त्याला उभं राहून वळता आलं पाहिजे. तळाला जुना टॉवेल घाला, वर्तमानपत्रावर पाय घसरतात. पेंढा किंवा वाळलं गवत तर अजिबात नको, त्यातल्या बुरशीने समुद्रपक्ष्यांची फुप्फुसं सहज बिघडतात. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एकाच टोकाला ठेवा, म्हणजे नको झाल्यावर त्याला लांब सरकता येईल. गळ्याची कातडी थरथरवायला लागला की समजा उकडतंय, बाटली काढा. वर झाकण, आजूबाजूला शांतता. दर दहा मिनिटांनी उघडून फोटो काढणं हा त्याच्यासाठी छळ आहे.

खाणं-पाणी काही देऊ नका. जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं, सिरिंजने ओतलेलं पाणी सरळ तिथे जातं. शिवाय गारठलेल्या, उपाशी पक्ष्याला अख्खा मासा पचत नाही, तो ओकतो आणि त्यातच दगावतो. अंग गरम झाल्यावर पशुवैद्य नळीने कोमट क्षारपाणी देतात, साधारण किलोमागे ५० मिली. म्हणजे दीड किलोच्या बूबीला ७५.

गळ आणि जाळं:
वरचं सगळं बरोबर. दोन गोष्टींची भर घालतो.

गळ अडकला असेल तर मागे ओढू नका, काट्याने मांस फाटतं. टोक पुढे बाहेर काढून काटा पकडीने कापायचा, मग दांडा मागे घ्यायचा. गळ गिळला असेल आणि तोंडातून तंगूस (गळाची दोरी) लोंबत असेल तर ती आखूड कापू नका, चिकटपट्टीने मानेच्या पिसांना हलकेच चिकटवा. पशुवैद्याला गळापर्यंत पोचायला तीच वाट असते.

समुद्रातून वाहून येणाऱ्या डांबराचे गोळे किंवा तेल लागलं असेल तर लगेच धुऊ नका. धुण्याचा ताण अशक्त पक्षी सोसत नाही, आधी एक-दोन दिवस त्याला सावरू द्यावं लागतं. घासलेट तर कधीच नको. तोवर तो चोचीने पिसं साफ करून तेल गिळणार नाही एवढं बघा, कापड सैल गुंडाळलं तरी पुरतं.

वेळाकाठ:
मनापासून आभार. पाण्यात सोडू नका, याचं कारण नीट कळलं तर मुलांना पटवता येईल. आणि बरा झाल्यावर कुठे सोडायचा?

सुरयप्रेमी:
पिसांचे बारीक तंतू एकमेकांत अडकून जलरोधक थर बनतो. आजारी पक्षी पिसं विंचरत नाही, त्यात आपल्या हातांचं तेल लागलं की थर फाटतो. पाणी कातडीपर्यंत पोचतं आणि पक्षी गारठून बुडतो. फ्रिगेट बर्डची पिसं तर मुळातच पाणी रोखत नाहीत. आणि तो किनाऱ्यावर आलाय तोच लाटा-वाऱ्यापुढे हरून, त्याला परत तिथेच ढकलण्यात अर्थ नाही.

सोडण्याआधी टाकीत तासभर पोहू द्या. पोटाची पिसं आतून कोरडी राहिली, छातीचं हाड बोटांना टोचत नसेल आणि पंख सारखे उघडत असतील तरच सोडायचा. जून-जुलैत मासेमारी बंदीमुळे होडी मिळत नाही, तेव्हा उघाड पडल्यावर सकाळी, एखाद्या टोकावरून, वाऱ्याकडे तोंड करून. हवेत फेकू नका, कातळावर ठेवून मागे या.

वादळपाखरू:
छोटा, चिमणीहून थोडा मोठा, काळा, ढुंगणावर पांढरा पट्टा असलेला पक्षी पायावर उभा राहत नसेल तर पाय मोडलाय असं धरू नका. तो विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, वजन जेमतेम ४० ग्रॅम, अंटार्क्टिकाकडून आलेला. जमिनीवर त्याला नीट चालता येतच नाही. बंदराच्या दिव्यांना भुलून उतरला असेल तर अंधाऱ्या खोक्यात ठेवा. शिअरवॉटर-पेट्रेल कुळात गिळलेलं प्लॅस्टिक जठरात साचून राहतं, म्हणून मेलेला पक्षीही पुरून टाकण्याआधी वनखात्याला कळवा. १९५० ते २०१० मध्ये जगात ज्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहती मोजल्या गेल्या, त्यांची संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. आपल्या किनाऱ्यावर नोंदी इतक्या कमी आहेत की प्रत्येक पक्षी मोलाचा.

हातमोज्यांबरोबर मास्कही ठेवा. २०२२ मध्ये स्कॉटलंडच्या बास रॉकवर बूबीचे भाऊबंद गॅनेट बर्ड फ्लूने मोठ्या संख्येने मेले. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका आणि खोकं कधीच कोंबड्यांच्या खुराड्याजवळ ठेवू नका.

वेळाकाठ:
नोंदीत काय काय लिहू?

वादळपाखरू:
तारीख, जागा, आदल्या दोन दिवसांचा वारा, वजन, छातीच्या हाडावर मांस किती. फोटो तीन: चोच बाजूने, पंख खालून, पाय. पायात पक्षी-अभ्यासकांनी घातलेली कडी असेल तर तिच्यावरचे सगळे आकडे-अक्षरं वाचता येतील असा चौथा, आणि तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. पक्षी उचलल्या उचलल्या १९२६ वर वनखात्याला फोन करा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो घरी ठेवून घेता येत नाही.