अनुभव धागा : १९३१चा 'फ्रँकेन्स्टाईन' आणि मनात राहिलेला एक प्रसंग

सांजवात
अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन आठवडे माझे वडील अंथरुणाला खिळून होते. गेल्या रविवारी त्यांना प्रथमच खुर्चीत बसवून गॅलरीत आणले, आणि समोरच्या इमारतीआडून ऊन अंगावर आले तेव्हा त्यांनी आपला धड असलेला हात हळूहळू वर उचलला, जणू ते ऊन मुठीत धरता येईल. त्या क्षणी मला लहानपणी मामांच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर पाहिलेला, जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला 'फ्रँकेन्स्टाईन' आठवला. शास्त्रज्ञ छताचे झाकण सरकवतो, प्रेतांचे तुकडे जोडून त्याने घडवलेल्या आणि अंधारात ठेवलेल्या जीवावर पहिल्यांदा उजेड पडतो आणि तो दोन्ही हात वर करतो. मग झाकण बंद होते, आणि तेच रिकामे हात तो आपल्या निर्मात्यापुढे पसरतो. लहानपणी मी तो चित्रपट तोंडावर चादर ओढून पाहिला होता. आज मात्र भीतीऐवजी त्या जीवाची भूमिका करणाऱ्या बोरिस कार्लॉफ यांचे ते हातच आठवतात. तुमच्या मनात कोणता प्रसंग राहिला आहे, ते कृपया लिहावे.

पिंपळपान
तळ्याकाठची मुलगी. आमच्या महाविद्यालयाच्या फिल्म सोसायटीत १९७९ साली जी प्रत दाखवली, तिच्यात तो प्रसंग कापलेला होता. मुलगी त्याला फुले देते, दोघे मिळून ती पाण्यावर सोडतात, फुले संपतात, तो तिच्याकडे हात नेतो आणि दृश्य तुटते. त्यानंतर थेट तिचा बाप ओलेचिंब कलेवर हातांवर घेऊन गावातून चालताना दिसतो. मधल्या रिकाम्या जागेत आम्ही प्रेक्षकांनी जे कल्पिले, ते फार अमंगळ होते. कापलेला भाग १९८०च्या दशकात पुन्हा जोडला गेला आणि पुढे तो पाहिल्यावर मला त्या जीवाची मनोमन क्षमा मागावीशी वाटली, कारण फुले तरंगतात तशी मुलगीही तरंगेल एवढेच त्याला वाटले होते आणि ती बुडाल्यावर तो घाबरून पळत सुटतो. कात्रीने प्रेक्षकाचे रक्षण झाले नाही, उलट एका अजाण जीवावर नसता आळ आला.

दर्यावर्दी
सांजवातताई, बाबा आता कसे आहेत? व्यायाम नियमित चालू ठेवा. माझ्या आईचा हात पाच महिन्यांनी वळला होता.

सांजवात
आभारी आहे, दादा. बोट धरून चार पावले टाकतात. शब्द मात्र अजून अडतात.

रंगपेटी
मी तीस वर्षे हौशी नाटकांची रंगभूषा करतो, म्हणून माझे उत्तर चेहऱ्याविषयी आहे. रंगभूषाकार जॅक पिअर्स कापूस आणि कलोडियन (वाळून घट्ट होणारा चिकट द्रव) यांचे थर एकावर एक चढवून ते कपाळ उभे करत, आणि त्यासाठी कार्लॉफ यांना रोज सुमारे चार तास बसावे लागे. कातडीला हिरवट करडा रंग दिला होता, जो कृष्णधवल फितीवर प्रेतासारखा फिकट उतरतो. डोळे फार सजीव दिसतात असे वाटल्यामुळे पापण्यांवर मेण चढवले गेले, आणि गाल आत ओढलेला दिसावा म्हणून कार्लॉफ यांनी तोंडातली कृत्रिम दातांची पट्टी काढून ठेवली. एवढ्या लेपाखाली बहुतेक नटांचा चेहरा मरतो. मी स्वतः कितीतरी राक्षस आणि वेताळ रंगवले आणि आतला नट हरवलेला पाहिला. कार्लॉफ मात्र त्या जड पापण्यांआडूनही न्याहाळताना, दुखावताना, आशा धरताना दिसतात. आरंभीच्या श्रेयनामावलीत या भूमिकेपुढे नटाच्या नावाऐवजी केवळ प्रश्नचिन्ह आहे. ते पाहिले की आमच्या पेशातला माणूस हळवा होतो.

काजवा
मला त्यातली शांतता आठवते. आरंभीची आणि शेवटची नामावली सोडली तर चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. त्यामुळे दाराबाहेर वाजणारी ती जड पावले आपण श्वास रोखून ऐकतो.

नगरकर
आमच्या अहमदनगरशी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरशी, कार्लॉफ यांचे नाते आहे हे मला फार उशिरा कळले. त्यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ सालचा. सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना शिकवणाऱ्या अ‍ॅना लिओनोवेन्स या त्यांच्या आजीच्या सख्ख्या बहीण, आणि या अ‍ॅना १८३१ साली आमच्या नगरात जन्मल्या. आपला हिंदुस्थानातील जन्म त्यांनी आयुष्यभर लपवला आणि स्वतःला वेल्सची म्हणवले. खरे मूळ सांगितले तर लोक दार लावून घेतील, ही धास्ती त्या घराण्याला माहीत होती. त्या घरातल्या नातवाने हाकलून दिलेल्याची भूमिका करावी, हे कळल्यापासून मी तो चित्रपट निराळ्या मनाने पाहतो.

अबोली
मी लिहू की नको, असा विचार दोन दिवस करत होते. माझे पहिले बाळ सातव्या महिन्यात जन्मले आणि नऊ दिवस जगले. ज्यांच्या कादंबरीवरून हा चित्रपट झाला त्या मेरी शेली यांचेही पहिले, अपुऱ्या दिवसांचे बाळ १८१५ साली गेले, आणि ते शेकोटीपाशी चोळल्यावर पुन्हा जिवंत झाल्याचे स्वप्न पडल्याचे त्यांनी रोजनिशीत नोंदवले आहे. पुढच्याच वर्षी, अठराव्या वर्षी, त्यांनी ही कादंबरी लिहायला घेतली. प्रयोगशाळेत निर्जीव बोटे हलतात तेव्हा सगळे दचकतात. मी मात्र प्रत्येक वेळी ती बोटे हलावीत म्हणून वाट पाहते. चित्रपटाच्या नामावलीत मेरी यांचे नाव 'मिसेस पर्सी बी. शेली' असे नवऱ्याच्या नावाने आले आहे, त्याचे मला वाईट वाटते.

पिंपळपान
अबोलीताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत.

विजेरी
शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे एक गोष्ट नोंदवतो. जीव कसा घातला याची कृती कादंबरीत दिलेलीच नाही. ठिणग्यांनी भरलेली ती प्रयोगशाळा ही चित्रपटाची देणगी आहे आणि ती यंत्रे केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी उभी केली. आमच्या प्रयोगशाळेत कॉइलमधून ठिणगी उडाली की मुले आजही तोच आ वासून पाहतात. मात्र विजेने मेलेल्या बेडकाचा पाय हलतो हा पाठ्यपुस्तकातला प्रयोग शिकवताना मी त्यांना हमखास विचारतो, की तो जीव उठून बसल्यावर पुढे त्याचे सगळे कोण करणार होते?

दर्यावर्दी
बाबांना दाखवलात का हा चित्रपट?

सांजवात
काल मोबाइलवर दाखवला. तळ्याचा प्रसंग येण्याआधीच मी बंद केला, त्यांना सोसणार नाही असे वाटले. आज सकाळी चहा देताना त्यांनी माझा मनगटाशी हात धरला, बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले, "पुढे?"