कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये देशीच झाडं का? (चर्चा)

माळकरी: आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये रविवारी सकाळी काही हौशी मंडळी झाडं लावतात. करंज, बहावा, ताम्हण, जांभूळ, कंपाउंडलगत उंबर. मीही खड्डे काढायला असतो. आता कॉलनीच्या बैठकीत ठरलंय, यंदा ‘लवकर सावली देणारी’ झाडं आणायची, म्हणजे गुलमोहर आणि रेन ट्री. माझा विरोध आहे. गुलमोहर मादागास्करचा, मुळं वरवरची, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात आधी तोच आडवा होतो. उंबर पिकला की तांबट, कोकीळ, खारी सगळे हजर. बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट फुलपाखराच्या अळ्या पोसतात. गुलमोहराच्या त्या तलवारीएवढ्या शेंगा कोण खातं?

पेठेतला गोली: भावा, शेंगांचं राहू दे. कोल्हापुरात ऱ्हातोस आणि गोलपोस्टच्या पुढ्यात खड्डा काढतोस? पोरांनी फुटबॉल कुठं खेळायचा, गच्चीवर? आणि एकदा झाड वाढलं की 1975 च्या वृक्ष कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत न्हाई. मग लावायच्या आधी विचारायला काय जातंय?

माळकरी: तो खड्डा बुजवतो. कडेची रांग मात्र राहणार.

निवृत्त बाई: कडेच्या रांगेबद्दलच बोलायचंय. उंबराची मुळं ड्रेनेजच्या पाइपात शिरली की चेंबर कोण उपसणार? तारांखाली करंज लावलाय, तो वाढला की वीजवाले शेंडा छाटून खराटा करून ठेवतील. आणि ताम्हण राज्यफूल असलं तरी मुळात ओढ्याकाठचं झाड, या मुरमाड जागेत उन्हाळाभर तहानलेलंच राहील. देशी आहे म्हणून कुठंही खपतं असं नाही हो!

सड्यावरचा: बाईंना अनुमोदन. हीच उत्साही माणसं रोपं घेऊन डोंगरावर जातात तेव्हा धडकीच भरते. मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, मोठं झाड नाही म्हणजे काही बिघडलंय असं नव्हे. पावसाळ्यात तिथं गवत असतं, सीतेची आसवं फुलतात. तिथं करंजसुद्धा उपराच.

कळशीवाली: देशी-परदेशी हा वाद पाऊस आहे तोवरच. मार्चपासून पाणी कोण घालतं ते सांगा. गेल्या मे महिन्यात वाळलेलं जांभूळ उपटलं तर काळी पिशवी मुळांना तशीच, मुळं आत गोल गोल फिरलेली. शेजारच्या बहाव्याची सुतळी कुणी सोडलीच नव्हती, खोडात रुतून वर गाठ आलेली. 2019 मध्ये राज्याचं उद्दिष्ट 33 कोटी झाडांचं होतं. लावायचं, बरं का. फोटो लावतानाचेच निघतात.

माळकरी: पिशवीचं खरं आहे, घाईत होतं तसं. पाण्याला घरागणिक वार लावून घेऊ, निदान तीन उन्हाळे. पण त्यासाठी गुलमोहर कशाला?

कळशीवाली: गुलमोहर कोण मागतंय? कमी लावा, म्हणतेय मी. कळश्या आमच्याच कमरेवर असतात.

जुना भाडेकरू: रेन ट्रीला एवढं झोडपू नका. बाहेरचं असलं तरी बगळे, वटवाघळं त्यावर सुखानं राहतात.

माळकरी: आहेत ते तोडा असं कुठं म्हटलं? पण मुंबईत पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीनं रेन ट्री वाळत गेले, तेव्हा रांगच्या रांग एकाच जातीची लावू नये एवढं तरी कळावं.

पेठेतला गोली: शनिवारी मॅच सुटल्यावर टेप घेऊन या, टचलाइनपास्नं किती सोडायचं ते आखू. उंबर तेवढा ड्रेनेजपास्नं लांब, वरच्या कोपऱ्यात न्या. आणि रेन ट्री एक तरी पायजेच. मॅच बघायला येणाऱ्यांनी काय तुमच्या गुडघ्याएवढ्या बहाव्याखाली बसायचं?