मदत हवी आहे: मॅग्नम रायफलचा धक्का सोसत नाही, प्रॅक्टिस कशी करायची?

घोडबंदरकर
मंडळी पटकन सांगा. आजोबांची मॅग्नम (जास्त जोराच्या काडतुसाची) रायफल आता माझ्याकडे आहे, रेंजवर नेली की थोड्या गोळ्यांतच खांदा जातो आणि मग ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतात, गोळी कुठेही जाते. लायसन्स रीतसर माझ्या नावावर आहे त्यामुळे तो विषय नको. जाड पॅड लावू का मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा भाग)? रविवारी परत जायचंय.

ऐरोलीचा नेमबाज
अहो कुठली मॅग्नम ते तर लिहा. ७ एमएम रेमिंग्टन पण मॅग्नम आणि ४५८ विंचेस्टर पण मॅग्नम, धक्क्यात जमीन अस्मानाचा फरक आहे. वजन किती, दुर्बीण आहे का, टेबलावर रायफल टेकवून, बसून मारता की उभं राहून?

वाशीवाले काका
मझल ब्रेक लावा, बाकी सगळ्यात वेळ जाईल. माझा भाचा अमेरिकेत ३०० विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) ब्रेक लावून मारतो, धक्का निम्म्यावर आला म्हणतो.

पाचपाखाडी
काका, ब्रेक लावला की सगळा आवाज बाजूला आणि मागे फेकला जातो. शेजारच्या लेनवाल्याच्या कानांचं काय? आणि त्यासाठी नळीला आटे पाडावे लागतात. आजोबांची जुनी रायफल कोणी कापतं का?

वाशीवाले काका
प्लग आणि वर इयरमफ, दोन्ही घालायचे. खांदा गेल्यावर आजोबांची आठवण घेऊन काय करणार?

निसर्गप्रेमी ठाणे
१९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे हे लक्षात असू द्या. येऊरकडे चुकूनही नेऊ नका, तो नॅशनल पार्कचा भाग आहे.

घोडबंदरकर
शिकारीचं कोणी बोललंय का इथे? रेंज लिहिलंय मी. ३७५ हॉलंड अँड हॉलंड आहे, वजन ४ किलोच्या आसपास, दुर्बीण नाही. टेबलावर बसूनच मारतो, रेंजवर सगळे तसंच मारतात. दस्त्याच्या (खांद्याला टेकतं त्या लाकडाच्या) मागचं रबर दगडासारखं झालंय.

ऐरोलीचा नेमबाज
हे आधी सांगायचं ना दादा. ३७५ म्हणजे १९१२ सालचं काडतूस, ३०० ग्रेनची (सुमारे १९ ग्रॅमची) गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या आसपास सोडतं, धक्का ३०-०६ या नेहमीच्या रायफल काडतुसाच्या जवळजवळ दुप्पट, आणि तुम्ही तो टेबलावर वाकून घेताय. वाकलं की दस्ता खांद्याच्या हाडावर येतो आणि शरीराला मागे जायला जागाच उरत नाही, उभं राहून मारलं की सगळं अंग मागे झुलतं आणि तोच धक्का कमी वाटतो. म्हणून टेबल फक्त साईट जुळवण्यापुरतं, तेही ताठ बसून, रायफल उंच सँडबॅगवर ठेवून. बाकी सगळं उभ्याने, तिकाटण्याचा आधार घेऊन. रबर मात्र आधी बदला, कडक रबर असून नसल्यासारखं.

कळवा १२ बोर
लेड स्लेड घ्या. रायफल त्यात ठेवायची, वर वजन टाकायचं, खांद्याला काही कळत नाही.

ऐरोलीचा नेमबाज
जुन्या अक्रोडाच्या दस्त्याला ते नको. रायफल मागे सरकलीच नाही तर सगळा जोर लाकडावर येतो आणि मानेपाशी चीर जाते. त्यापेक्षा दस्त्यात पोकळी असेल तर शिशाचे छर्रे भरून अर्धा किलो वाढवा, धक्क्याची ऊर्जा साधारण नववा हिस्सा कमी होते, आणि तो बदल उलटवताही येतो.

कळवा १२ बोर
मग काडतुसात बारूद कमी भरा, संपला विषय.

पाचपाखाडी
असले सल्ले देऊ नका. घरी काडतूस भरणं म्हणजे शस्त्र कायद्याच्या कलम ५ खाली लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं, तो माणूस रायफलच गमावून बसेल.

नौपाड्याची आई
ठाण्यात १२ वर्षांच्या मुलीसाठी एअर रायफलचा चांगला क्लास आहे का? वेगळा धागा काढला तर कोणी उत्तर देत नाही.

रिटायर्ड मामा
२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, वारशाची धरून. बघून घ्या.

घोडबंदरकर
मामा, एकच आहे. डोळे मिटतात त्याचं कोणी सांगेल का? पॅडने ते जाणार आहे का?

ऐरोलीचा नेमबाज
एकट्या पॅडने नाही जाणार. ती सवय मेंदूला लागलीय, ३७५ मारून ती सुटत नाही, वाढते. सराव २२ वर (पॉइंट २२ ची हलकी रायफल) करा, क्लबची मिळत असेल तर, ट्रिगर आणि श्वास तिथेच बसतो. मग ३७५ आणाल तेव्हा सोबतच्या माणसाला काडतुसं रायफलमध्ये घालायला द्या, त्याने मधेच डमी (न उडणारं खोटं काडतूस) टाकायची, तुम्हाला न सांगता. डमीवर नळी खाली गेली की तुम्हालाच दिसेल, आणि ती हलायची थांबेपर्यंत खरी गोळी नाही. खांदा दुखायच्या आत थांबायचं, अंगात जोर असला तरी. रविवारी टेबल सोडा आणि कोटाच्या आत खांद्याला बांधायचं पॅड घालून जा, बाकी सगळं नंतर.

घोडबंदरकर
ठीक, हे करतो. मागचं रबर कोण बदलेल पण?

पाचपाखाडी
लायसन्सवाला गनस्मिथच, रायफल दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही. नवीन पॅड जाड असेल तर तो म्हणेल दस्ता थोडा कापू, लगेच हो म्हणू नका. आधी ट्रिगरपासून रबराच्या टोकापर्यंतचं आत्ताचं माप घ्या आणि तेवढ्यात बसेल असाच पॅड मागा. जुनं रबर परत घ्या त्याच्याकडून.