कबूल, मुकाबला आणि कबिला हे शब्द एकाच धातूचे कसे?

प्रश्न

जुन्या मराठी पत्रांत ‘कबिला’ हा शब्द पत्नी किंवा घरातील स्त्रिया या अर्थाने येतो. कोशात पाहिले तेव्हा त्याचे आणि ‘कबूल’, ‘मुकाबला’ या शब्दांचे अरबी मूळ एकच असल्याचे समजले. संमती, सामना आणि कुटुंब यांत मला काहीच समान दिसत नाही. कोणी उलगडून सांगेल का? ‘काबुली चणे’ही याच कुळातले आहेत का?

प्रतिसाद १

अरबी धातू बहुधा तीन व्यंजनांचा असतो. येथे ती क़ाफ, बे आणि लाम ही आहेत, आणि त्यांच्या मुळाशी ‘समोर’ ही कल्पना आहे. समोर आलेले स्वीकारले की ‘कबूल’, स्वीकारण्याजोगा तो ‘काबील’, आणि दोघे समोरासमोर उभे ठाकले की ‘मुकाबला’. नमाज पढताना जिकडे तोंड करायचे ती दिशा ‘किब्ला’. महाराष्ट्रात ती साधारण पश्चिमेला येते, तर कैरोत आग्नेयेला. अरबीत सुईणीला ‘काबिला’ म्हणतात, कारण जन्मणारे बाळ ती आपल्या हातांत स्वीकारते. या कुळातला हा शब्द मला सर्वांत सुंदर वाटतो.

याच धातूपासून ‘कब्ल’ म्हणजे पूर्वी आणि ‘मुस्तक्बल’ म्हणजे भविष्य, असे वरवर परस्परविरोधी शब्दही झाले आहेत. पण आपल्याकडेही ‘पूर्व’ म्हणजे मुळात समोरचे, त्यावरून ‘पूर्वी’ हा गतकाळ. आणि तरीही येणाऱ्या काळाला आपण ‘पुढे’च म्हणतो.

प्रतिसाद २

संस्कृतात ‘हृ’ धातूला उपसर्ग लागून आहार, प्रहार, संहार असे दूरदूरचे अर्थ होतात, तसेच हे आहे. फरक एवढाच की अरबीत धातूची व्यंजने ठरावीक साच्यात ओतली जातात आणि स्वर त्यांच्या मधे विणले जातात. मराठीत हे शब्द बहुतांशी फारसीमार्फत तयार स्वरूपात आले, म्हणून धातू आपल्याला जाणवत नाही. साचा मात्र कानाला ओळखता येतो: काबील, हाजीर, गाफील, जालीम हे सारे एकाच साच्यातले, आणि मुकाबला व मुशाहिरा हे दुसऱ्या.

प्रतिसाद ३

‘कबिला’ अरबीत टोळी किंवा जमात. मराठीत तो आधी कुटुंबापर्यंत (‘कुटुंबकबिला’) आणि मग पत्नीपर्यंत आकुंचित झाला. ‘आमचे कुटुंब’ म्हणून बायकोचा उल्लेख करणाऱ्या समाजात हे सहज घडले असावे, असे माझे मत आहे.

काबूल शहराचा या धातूशी संबंध नाही. त्याचे नाव अरबी-फारसी लिपीत साध्या काफने लिहितात, क़ाफने नव्हे; देवनागरीत दोन्हींना एकच ‘क’ असल्यामुळे हा घोटाळा होतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मग इ. स. ८२०च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मीने लिहिलेल्या बीजगणिताच्या ग्रंथाच्या नावातील ‘मुकाबला’ हा हाच शब्द का?

प्रतिसाद १

होय, हाच. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची सजातीय पदे समोरासमोर ठेवून सारखा भाग वजा करणे, हा त्याचा तेथील अर्थ. नकललेली प्रत मूळ प्रतीसमोर धरून अक्षर अक्षर ताडून पाहणे, यालाही अरबी लेखनिक ‘मुकाबला’च म्हणत.