मदत हवी आहे: दात ग्रेट व्हाइटचा की हबेलीचा?

कॉलेजच्या संग्रहात शार्कचा एक जीवाश्म दात आहे. जुन्या चिठ्ठीवर फक्त 'पिस्को, पेरू, ग्रेट व्हाइट' एवढंच लिहिलंय. कोणत्या थरातला, याचा पत्ता नाही. आणि पिस्को या पेरूतल्या खडकांच्या थरसमूहात नेमका थरच महत्त्वाचा, कारण तिथे कडेला करवतीसारखे दाते नसलेला जुना शार्क हॅस्टॅलिस, मग बारीक दात्यांचा कार्कॅरोडॉन हबेली (हे नाव २०१२ चं) आणि मग आजचा कार्कॅरियास (म्हणजेच ग्रेट व्हाइट), असा क्रम सापडतो.

दाताची तिरकी उंची ४६ मिमी. रुंद, चपटा त्रिकोण, म्हणजे वरच्या जबड्यातला. मुकुट आणि मूळ यांच्यामध्ये गडद पट्टा नाही, त्यामुळे मेगालोडॉनचं (नामशेष झालेल्या महाकाय शार्कचं) पिल्लू बाद. बाजूला उपटोकंही नाहीत.

घोळ कडेचा आहे. १० पट भिंगाखाली मुळाजवळच्या ८ मिमीत दाते स्पष्ट, पण आखूड आणि कमीजास्त आकाराचे. टोकाकडे कड जवळजवळ गुळगुळीत. तिरपा उजेड टाकून दोन्ही बाजूंचे फोटो काढले, डाव्या-उजव्या कडा ताडून पाहिल्या, दोन्हीकडे तसंच. टोक मात्र बोथट आहे, म्हणून पाण्यावाळूत घासला गेल्याची शंका जात नाही.

दात कापायचा नाही, आम्ल लावायचं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक मिळणार नाही, ४० पटीचा स्टिरिओ सूक्ष्मदर्शक मिळेल.

तर घासून झिजलेले कार्कॅरियासचे दाते आणि हबेलीचे मुळातच आखूड दाते, हे ४० पटीवर कशावरून वेगळे ओळखायचे? दात्यांमधल्या खाचांच्या तळाला झीज कमी पोचते, मग तिथली खोली मोजून काही ठरवता येईल का?