टनेल जोडलेला दिसतो, पण पिंग जात नाही: डेबियन १२, कर्नल ६.१

गेटवे_अंधेरी

अंधेरीचं ऑफिस आणि भिवंडीचं गोदाम यांच्यात आयपीसेकचा (एन्क्रिप्टेड) टनेल आहे. अंधेरीच्या ऑफिसातला जुना गेटवे (कर्नल २.६.१८, आयपीसेकचं सॉफ्टवेअर ओपनस्वान, त्याचं स्वतःचं कर्नल मॉड्यूल क्लिप्स) काढून डेबियन १२ बसवलं आहे: कर्नल ६.१, लिब्रेस्वान ४.१०. समोर भिवंडीच्या गोदामात जुनाच बॉक्स आहे. तिथेही कर्नल २.६.१८ आणि ओपनस्वान, पण क्लिप्स नाही, कर्नलचाच आयपीसेक. तो महिनाभर तरी बदलता येणार नाही. अंधेरीचं लॅन १९२.१६८.१०.०/२४, भिवंडीचं १९२.१६८.२०.०/२४. या निमित्ताने थ्रीडेस-एमडी५ काढून दोन्हीकडे एईएस२५६ (एन्क्रिप्शन) आणि एसएचए२-२५६ (पॅकेटची सही) केलं.

दोन्ही लॉगमध्ये टनेल जोडल्याची नोंद येते, पिंगला उत्तर मात्र नाही. क्लिप्सचा आयपीसेक० हा इंटरफेस तयारच होत नाही आणि फायरवॉलचे सगळे नियम त्याच नावावर आहेत. शिवाय बाहेरच्या इंटरफेसवर टीसीपीडंप (पॅकेट पाहायचं साधन) लावला की १९२.१६८.२०.५ कडे जाणारं पिंग उघडं दिसतं, सोर्सला आमचा पब्लिक आयपी. क्लिप्स ६.१ वर कंपाइल करून चालेल का?

सह्याद्री_नेट

क्लिप्सचा नाद सोडा. लिब्रेस्वानने तो ४.० पासून काढून टाकला आहे. आता काम कर्नलच्या एक्सएफआरएमकडे (अंगभूत आयपीसेक) आहे, आणि त्यात आपोआप वेगळा इंटरफेस तयार होत नाही, फक्त पॉलिसी असते, म्हणजे कोणतं पॅकेट एन्क्रिप्ट करायचं याचा नियम. म्हणून आयपीसेक० दिसत नाही.

तुम्हाला जे उघडं दिसतंय ते खरोखरच उघडं बाहेर पडतंय, हे आधी बंद करा. एक्सएफआरएममध्ये टीसीपीडंपला येणारं पॅकेट ईएसपी (एन्क्रिप्ट केलेलं) आणि उलगडलेलं असं दोन्ही रूपांत दिसतं, पण जाणारं फक्त ईएसपी दिसायला हवं. तुमच्याकडे एन्क्रिप्शनच्या आधी पोस्टराउटिंगमधलं मास्करेड (सोर्सच्या जागी पब्लिक आयपी लावणारं नॅट) लागतं, सोर्स बदलतो, मग १०.०/२४ ची पॉलिसी जुळत नाही आणि पॅकेट सरळ इंटरनेटवर जातं.

नॅट टेबलच्या पोस्टराउटिंगमध्ये मास्करेडच्या वर एक नियम टाका: पॉलिसी मॅच, दिशा आउट, पॉल आयपीसेक, ॲक्सेप्ट. नियम टाकल्यावर चालू पिंग थांबवा आणि ३० सेकंदांहून थोडं जास्त थांबून पुन्हा सुरू करा. कॉनट्रॅक (कर्नलची जोडण्यांची नोंदवही) आयसीएमपीची, म्हणजे पिंगची, नोंद ३० सेकंद धरून ठेवतो आणि चालू पिंग ती ताजी करत राहतं, त्यामुळे नियम बरोबर असूनही जुनंच नॅट लागत राहतं. इथे बरेच जण फसतात.

इनपुट आणि फॉरवर्डमध्ये जिथे आयपीसेक० लिहिलंय तिथे बाहेरचा इंटरफेस आणि पॉलिसी मॅच, दिशा इन, पॉल आयपीसेक असं करा. नुसतं नाव बदलून २०.०/२४ ला ॲक्सेप्ट दिलंत, तर बाहेरून खोटा सोर्स लावून आलेलं पॅकेटही आत येईल. आणि फॉरवर्डमध्ये २०.०/२४ कडे जाणाऱ्या, पॉल नन असलेल्या (आयपीसेक न लागणाऱ्या) पॅकेटला रिजेक्ट द्या, म्हणजे टनेल पडला तरी काही उघडं जाणार नाही.

इंटरफेसच हवा असेल तर कनेक्शनखाली आयपीसेक-इंटरफेस येस करा. आयपीसेक१ तयार होतो. त्यासाठी कर्नल ४.१९ किंवा पुढचा लागतो, तो तुमच्याकडे आहे.

गेटवे_अंधेरी

मास्करेडचा नियम लागला, आता बाहेर फक्त ईएसपी जातंय. उत्तर तरीही नाही. भिवंडीहून ३७ पिंग पाठवले तेव्हा अंधेरीवर प्रोक-नेट-एक्सएफआरएम-स्टॅटमधला (एक्सएफआरएमच्या चुकांचे आकडे) इनस्टेटप्रोटोएरर ० वरून बरोबर ३७ झाला. बाकी सगळे आकडे ०.

पॅकेट_मोजणारी

हा आकडा सगळं सांगतो: पॅकेट पोचलं, एसए (टनेलच्या की आणि पद्धतींची नोंद) सापडला, पण सहीची (पॅकेट वाटेत बदललं नाही हे तपासणारा कोड) पडताळणी चुकली. की जुळत नसती तर टनेल जोडलाच नसता, म्हणजे सहीची लांबी वेगळी आहे.

आरएफसी ४८६८ प्रमाणे एचमॅक-एसएचए२५६ ची (तुमच्या एसएचए२-२५६ ची) सही १२८ बिटांवर कापायची असते. लिनक्स कर्नल ती ९६ वर कापत असे. २.६.३३ पासून ही लांबी बाहेरून ठरवता येऊ लागली आणि लिब्रेस्वान १२८ सांगतं. भिवंडीचा २.६.१८ ९६ वरच अडकलाय. आयकेईच्या (टनेल जोडतानाच्या) बोलणीत ही लांबी येतच नाही, म्हणून दोन्ही लॉग निर्धास्त. थ्रीडेस-एमडी५ असताना दोन्हीकडे ९६ च होतं, म्हणून तेव्हा चाललं.

अंधेरीवर 'आयपी एक्सएफआरएम स्टेट' चालवा. ऑथ-ट्रंकच्या ओळीच्या शेवटी १२८ दिसेल. तो आउटपुट इथे चिकटवू नका, त्यात चालू की असतात. मग त्या एकाच कनेक्शनखाली एसएचए२-ट्रंकबग येस लिहा, 'आयपीसेक ऑटो'ने रिप्लेस करून पुन्हा अप करा. शेवटचा आकडा ९६ झाला पाहिजे.

गेटवे_अंधेरी

९६ झालं. पिंग दोन्हीकडून चालू! मनापासून आभार. आता मोठी फाइल कॉपी करताना अडकते, लहान फाइली जातात. लाइन पीपीपीओई आहे.

सह्याद्री_नेट

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. पीपीपीओईवर तो १४९२. त्यातून बाहेरचा आयपी २०, नॅट-टीचा (नॅटमधून ईएसपी नेण्यासाठीचा) यूडीपी ८, ईएसपी ८, आयव्ही (एन्क्रिप्शनचं सुरुवातीचं मूल्य) १६ आणि सही १२ काढा: उरले १४२८. एईएसचा ब्लॉक १६ चा, म्हणून १४२४, त्यातून ट्रेलरचे २ गेले की १४२२. टीसीपीचे ४० वजा केले की एमएसएस (एका पॅकेटमधला टीसीपी डेटा) १३८२. मँगल टेबलच्या फॉरवर्डमध्ये दोन्ही दिशांना टीसीपीएमएसएसने १३६० लावा, थोडी जागा मोकळी राहू द्या.

पॅकेट_मोजणारी

भिवंडीला नवा बॉक्स बसवाल तेव्हा दोन्हीकडे एईएस-जीसीएम घ्या. त्यात वेगळी सहीच नसते, तपासणी एन्क्रिप्शनमध्येच असते. पण एसएचए२ वरच राहणार असाल तर ट्रंकबगची ओळ त्याच दिवशी काढा. नाहीतर तिकडे १२८, इकडे ९६, आणि इनस्टेटप्रोटोएरर पुन्हा वाढताना दिसेल.