नजर सलग धावते ती कशाच्या जोरावर?

भाऊ, शंकरपटात बैलजोडीमागे नजर सलग धावते, पण शेताच्या रिकाम्या धुऱ्यावरून तशी सरकवता येत नाही, असं का? तुमचा प्रश्न नेमका आहे. कुणीतरी याला 'सवयीचा भाग' म्हटलंय, ते मला पटत नाही.

सलग पाठलागाला बहुतेक वेळा खरोखर हलणारी वस्तूच लागते. दृष्टिपटलावर प्रतिमा सरकली की मेंदूच्या 'एमटी' या हालचाल टिपणाऱ्या भागातल्या पेशी चेततात. प्रत्येकीची दिशा ठरलेली. उजवीकडे जाणाऱ्या हालचालीला जोरात प्रतिसाद देणारी पेशी उलट दिशेला जवळपास गप्प. तिथून हा हिशेब मेंदूखोड आणि लहान मेंदूमार्गे डोळ्याच्या स्नायूंपर्यंत जातो, आणि साधारण १०० मिलिसेकंदांत डोळे निघतात. स्थिर वस्तूकडे नजरेला उडी घ्यायला मात्र २०० च्या आसपास लागतात. १९८५ मध्ये न्यूसम, वुर्ट्झ वगैरे संशोधकांनी माकडांच्या एमटीला इजा करून पाहिलं: हलत्या ठिपक्याच्या वेगाचा अंदाज चुकू लागला, स्थिर ठिपक्याकडची उडी शाबूत.

खरी गंमत पुढे आहे. नजरेनं बैलांचा वेग गाठला की त्यांची प्रतिमा दृष्टिपटलावर जवळपास थांबते, मग डोळा कशाच्या जोरावर चालतो? शेजारच्या 'एमएसटी' भागातल्या काही पेशी लक्ष्य क्षणभर दिसेनासं झालं तरी चेतत राहतात. म्हणून धुरळ्यात जोडी लपली तरी नजर लगेच थांबत नाही.

एसटीतून पऱ्हाटीची तासं बघताना डोळे झटके खातात, तो प्रकार जरा वेगळा. खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांकडे बघा, लगेच दिसेल.